खोड्यातला खांदा

पहाटे पावणेचारला फोन वाजतो. पलीकडून आवाज येतो, "डाक्टर, गाय अडलीया." नाव नाही, गाव नाही. अडलेल्या गाईचा मालक, एवढी ओळख त्या वेळी पुरेशी असते. डॉक्टर उठतात. म्हणजे उठायला लागतात. आधी उजव्या कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार द्यायचा, पाय पलंगाखाली सोडायचे आणि क्षणभर थांबून कमरेची परवानगी घ्यायची. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, पुढचे गुडघे तेवढे टेकलेले ठेवते आणि एका झोक्यात उभी राहते. डॉक्टर हे बावीस वर्षं बघत आलेत. एखादी गाय तशी उठली नाही तर काय समजायचं, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. ते स्वतः ज्या पद्धतीने उठतात, त्या पद्धतीने एखादी गाय उठली असती तर त्यांनी तिला जागच्या जागी कॅल्शियमची बाटली लावली असती.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, म्हणजे माणदेशातला, हा श्रेणी-१ चा पशुवैद्यकीय दवाखाना. डॉक्टरांचा हुद्दा 'पशुधन विकास अधिकारी'. हे नाव गावात फक्त पाटीवर आहे. लोकांच्या तोंडी 'डाक्टर' आणि डॉक्टरांची पाठ फिरली की 'ढोरडाक्टर'. हाताखाली एक परिचर आणि एक व्रणोपचारक. व्रणोपचारक म्हणजे ड्रेसर. तो वयाने डॉक्टरांपेक्षा मोठा, अनुभवाने त्याहून मोठा आणि मणक्याने सगळ्यांत मोठा. तिघांचे मिळून सहा खांदे आणि तीन कमरा. त्यातलं धड काय उरलंय, याचा रकाना मासिक अहवालात नाही. कृत्रिम रेतनं किती, गाभण तपासण्या किती, लसी किती, खच्चीकरणं किती, हे सगळं मात्र त्यात असतं.

ज्यांनी गाय फक्त दुधाच्या पिशवीवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी गाभण तपासणी म्हणजे काय ते सांगायला हवं. खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा, साबणाचं पाणी लावायचं, शेपटी बाजूला करायची आणि गुदद्वारातून हात आत घालायचा. आत साधारण 101.5 अंश फॅरनहाइट. डिसेंबरातल्या पहाटे अख्ख्या माणदेशात याहून उबदार जागा नाही, असं जुने डॉक्टर खासगीत सांगतात. पण ऊब फार वेळ लाभत नाही. आतडं आकुंचन पावतं आणि मनगटाभोवती कडं आवळावं तसं आवळतं. तेवढ्यात बोटांनी आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशय धरायचं, त्याची शिंगं चाचपायची, बदामाएवढं अंडाशय शोधायचं. डोळे या कामात निरुपयोगी असतात, म्हणून ते समोरच्या भिंतीवरच्या शेणाच्या शिंतोड्यांवर स्थिर करायचे. चेहऱ्यावर समाधी लागल्याचा भाव येतो. शेतकऱ्याला वाटतं, डॉक्टर विचार करतायत. डॉक्टर खरंच विचार करत असतात, पण खांद्याचा.

कारण गाय जर उंच संकरित होल्स्टीन असली आणि डॉक्टर बेताच्या उंचीचे असले, तर हात खांद्याच्या वर, पुढे ताणलेला, धड पिळलेलं आणि सगळा जोर एका सांध्यावर, अशी अवस्था होते. त्यात रेतन करायचं असलं तर डावा हात आत आणि उजव्या हातात रेतनाची गन. म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचा डावा खांदा आयुष्यभर गाईच्या आत आणि त्याबद्दलची तक्रार आयुष्यभर बाहेर. आणि गाय मधेच बसली तर? तर हातानेही तिच्याबरोबर बसायचं असतं. हात बसतो. खांदा मात्र उभं राहायचा हट्ट धरतो आणि तिथेच काहीतरी कायमचं बिनसतं.

हे दुखणं माणदेशाचं एकट्याचं नाही. न्यूझीलंडमधल्या पशुवैद्यांची पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. त्यात गेल्या बारा महिन्यांत अंगात कुठे ना कुठे दुखलं, असं सांगणारे 96 टक्के निघाले. उरलेले चार टक्के त्या वर्षी गोठ्याकडे फिरकले नसावेत किंवा फॉर्म भरताना बायको शेजारी उभी असावी. कॅनडातल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकाने तर 1996 सालीच मोठ्या जनावरांच्या डॉक्टरांच्या दंड, खांदा आणि मानेच्या दुखण्यावर स्वतंत्र लेख छापून त्याला आजाराचा दर्जा दिला होता. आजाराला नाव मिळालं की अर्धं काम होतं. रजेच्या अर्जात तरी लिहिता येतं.

साहित्यातही हा हात अजरामर आहे. 'जेम्स हेरियट' या टोपणनावाने लिहिणारे यॉर्कशायरचे आल्फ वाइट हे जगातले सर्वांत वाचले गेलेले गुरांचे डॉक्टर. त्यांच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवातच मध्यरात्री, उघड्या अंगाने, दगडी फरशीवर पालथं पडून गाईत हात घातलेल्या अवस्थेत होते. ते वाचून जगभरातली कितीतरी मुलं या व्यवसायात आली. पुढे खांद्याचं काय होतं, हे पुस्तकाच्या वेष्टनावर छापलेलं नव्हतं.

मुंबईत परळला, बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात, 1886 पासून पशुवैद्यक शिकवलं जातं. तिथे आणि त्यानंतर राज्यात निघालेल्या महाविद्यालयांत पहिल्याच वर्षात जनावर कसं जखडावं हे शिकवतात. दोर कसा टाकायचा, बैल कसा पाडायचा, मोरकी कशी बांधायची, शेपटीचं मूळ सरळ वर उचलून धरलं की गाय लाथ का मारत नाही, सगळं. जनावराला इजा होऊ नये म्हणून केवढी काळजी! पाडलेल्या बैलाच्या डोक्याखाली पोतं ठेवायचं, रवंथाचं पाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून मान कशी ठेवायची ते बघायचं. त्या बैलाशेजारी उकिडवा बसून तासभर वाकलेल्या डॉक्टरच्या कमरेखाली काय ठेवायचं, यावर धडा नाही.

2022 साली गुरांमध्ये लम्पी या त्वचारोगाची साथ आली. महाराष्ट्रात काही महिन्यांत एक कोटीहून जास्त गोवंशाला लस टोचली गेली. शेळ्यांच्या देवीची ती लस, कातडीखाली द्यायची. म्हणजे प्रत्येक गाईच्या मानेची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई घालायची. एक चिमूट म्हणजे काहीच नाही. दिवसाला दोनशे चिमटी घेतल्या की रात्री भाकरी मोडायला दुसऱ्या माणसाची गरज लागते. त्यात प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला. बिल्ला मारायचा चिमटा दाबायला तळहाताचा सगळा जोर लागतो आणि मारून झाला की तोच आकडा मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचा. भर उन्हात, मान खाली घालून, पडद्यावर सावली धरून, बोटावरचं शेण पुसत. रेंज असली तर. गाय तोवर कान हलवत असते. बाराव्या आकड्याला चूक निघते. खांदा गाईने घेतला, अंगठा बिल्ल्याने घेतला आणि राहिलेली मान सरकारी ॲपने.

शहरातल्या डॉक्टरांचं बरं असतं, असं गावातल्या डॉक्टरांना वाटतं. पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवणाऱ्याला विचारावं. तिथे पस्तीस किलोचा लॅब्राडोर टेबलावर चढवायचा असतो आणि त्याला चढायचं नसतं. हत्ती नदीत बसावा तसा तो फरशीवर पसरतो. त्याचे मालक कोपऱ्यात उभे राहून त्याला 'शोना' म्हणतात. मग डॉक्टर एकटेच, कमरेतून वाकून, त्याला मिठी मारून उचलतात. दोघांनी उचलायचं, एकाने छातीखाली आणि एकाने मांड्यांखाली हात घालायचा, गुडघ्यातून वाकायचं, हे त्यांना माहीत असतं. पण दुसरा माणूस त्या वेळी बिल करत असतो. पुढे दिवसभर दात साफ करणं, टाके घालणं, कान तपासणं, सगळं मान झुकवून. क्ष-किरणासाठी शिशाचा एप्रन घातला की खांद्यांना वाटतं, आपण लोकलच्या गर्दीत कुणाची तरी सॅक सांभाळतोय. आणि या व्यवसायातलं सर्वांत धोकादायक वाक्य शहरात आणि खेड्यात थोड्याशा फरकाने एकच आहे. शहरात, "चावत नाही हो तो." खेड्यात, "मारत न्हाई ओ ती." घोड्याची लाथ मागे येते, गाईची बाजूने कमान काढत येते आणि मालकाचं हे वाक्य दोन्हींच्या आधी येतं.

दुखल्यावर डॉक्टर काय करतात? अर्थातच स्वतःवर उपचार करतात. औषधाचं कपाट समोरच असतं. गंमत अशी की वेदनाशामकांच्या बाबतीत या देशात गाईचे नियम डॉक्टरांपेक्षा कडक आहेत. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे सिद्ध झालं आणि 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. 2023 साली केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक गेलं. गाईला आता मेलॉक्सिकॅमवर भागवावं लागतं. डॉक्टर मात्र संध्याकाळी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणून चहाबरोबर निर्धास्त घेतात. आपल्याला गिधाडं खाणार नाहीत, एवढीच काय ती त्यांना खात्री असते. आपलंही मूत्रपिंड आहे, हा मुद्दा गिधाडांच्या प्रकरणातून त्यांनी स्वतःपुरता कधी काढलेलाच नसतो.

आमच्या सातारच्या डॉक्टरांनी चार वर्षं अशीच काढली. मग एके दिवशी तालुक्याच्या पेट्रोल पंपावर पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट त्यांना काढता येईना. हात मागे जाईचना. कमरेपर्यंत आला आणि खोड्यात अडकवल्यासारखा थांबला. मागे रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. शेवटी पंपावरच्या पोऱ्याने त्यांच्या खिशात हात घालून पाकीट काढलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मागच्या बाजूला हात घालणाऱ्या माणसावर ही वेळ यावी! घरी गेल्यावर हा प्रसंग सांगितला, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एखाद्या म्हशीने पाय टेकला नाही तर तुम्ही रात्री दोनला तिच्या गोठ्यात जाता. तुमचा हात चार वर्षं वर होत नाही, त्याचं काय?" याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्टकडे गेले.

फिजिओथेरपिस्ट पंचविशीची मुलगी. तिने विचारलं, "सर, कधीपासून दुखतंय?" डॉक्टर म्हणाले, "झालं की चारपाच आठवडे." बरोबर आलेल्या सौभाग्यवती खोकल्या. "चार वर्षं," डॉक्टर म्हणाले. कळप करून राहणारी जनावरं वेदना लपवतात, कारण लंगडणाऱ्यावर वाघाची नजर आधी जाते. हे डॉक्टर शेतकऱ्यांना नेहमी समजावून सांगतात. त्यांच्या बाबतीत वाघ कुठला, हे शोधायला हवं. बहुधा वरिष्ठ कार्यालय.

तिने कोनमापक लावून हात मोजला. पुढे इतके अंश, बाजूला इतके, बाहेर वळवताना जवळजवळ शून्य. डॉक्टरांना रागच आला. जनावर लंगडतंय की नाही हे ते नुसत्या चालीवरून सांगतात आणि इथे पट्टी लावून त्यांचाच पंचनामा चाललेला. "आखडलेला खांदा," ती म्हणाली, "फ्रोझन शोल्डर. शुगर तपासलीये?" तपासली नव्हती. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे होतं आणि मधुमेह्यांना जास्त होतं. दुसऱ्या दिवशी तपासली, तर शुगरनेही आपली हजेरी लावलेली होती.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली रूढ केलं. त्याचे तीन टप्पे सांगतात. गोठण्याचा, गोठलेला आणि वितळण्याचा. हे ऐकून डॉक्टर एकदम सावरून बसले. गोठणं आणि वितळणं हा तर त्यांचा प्रांत. त्यांच्या दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपात उणे 196 अंशांवर रेताच्या पाव मिलिलिटरच्या कांड्या ठेवलेल्या असतात. चिमट्याने कांडी काढली, 37 अंशांच्या पाण्यात तीस सेकंद बुडवली की वितळली. "मग हे वितळायला किती लागतात?" त्यांनी विचारलं.

"एक ते तीन वर्षं, सर."

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग व्यायाम. पहिला कॉडमनच्याच नावाचा. टेबलावर निरोगी हात टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. ताकद लावायची नाही, नुसता झुलवायचा. बावीस वर्षं ज्या हाताने फक्त ओढणं, दाबणं, चाचपणं केलं, त्याला काहीच करू नकोस म्हणून सांगणं ही या व्यायामातली खरी मेहनत. दुसरा, भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा. भिंतीसमोर उभं राहायचं, दोन बोटांनी मुंगी चढावी तसा हात वर न्यायचा, जिथे अडेल तिथे थांबायचं, तिथे पेन्सिलीने खूण करायची, उद्या तिच्यावर जायचं. तिसरा, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपर अंगाशी धरून मागे ओढायचा, खांद्याची पाती एकमेकींकडे न्यायची. चौथा टॉवेलचा. एक हात डोक्यामागून, एक पाठीमागून, दोन्हींत टॉवेल धरायचा आणि वरच्या हाताने खालच्याला हळूहळू वर ओढायचं.

"म्हणजे गोमुखासनासारखं," ती म्हणाली, "टॉवेलशिवाय हात हातात आला की झालं गोमुखासन."

डॉक्टरांनी हताशपणे तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याचा गाईच्या नेमक्या उलट बाजूशी संबंध आला, त्याला आता उतारवयात गोमुख! पण एवढ्यावर भागलं नाही. कमरेसाठी तिने मार्जारासन दिलं. हातापायांवर उभं राहून पाठ मांजरासारखी वर काढायची आणि खाली सोडायची. मग भुजंगासन. मग गुडघ्याहातांवर राहूनच एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा, शिकारी कुत्रा सावज दाखवतो तसा. जनावरांनी ज्याला मोडलं, त्याला दुरुस्त करायला पुन्हा जनावरंच बोलावली होती. आणि कोडगेपणा म्हणजे ही सगळी जनावरं हे सगळं फुकट करतात. मांजर उठलं की पाठ ताणतं. कुत्रं उठलं की पुढचे पाय लांब करून छाती जमिनीला लावतं, मग मागचे पाय एकेक करून झटकतं आणि मगच भुंकायला निघतं. निरोगी गाय उठली की पाठ ताणून आळस देते. तिने तसा आळस दिला तर तब्येत ठीक आहे, असं डॉक्टरच गोठ्यात सांगत असतात.

भुजंगासनासारख्याच एका व्यायामाची कूळकथा मात्र सांगण्यासारखी आहे. 1956 साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठ आणि पाय दुखणारा एक रुग्ण आला. मॅकेंझींनी त्याला आतल्या खोलीत टेबलावर पालथं पडायला सांगितलं. ते टेबल आधीच्या रुग्णासाठी एका बाजूने उचललेलं होतं, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. रुग्ण मुकाट्याने तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला. काही मिनिटांनी मॅकेंझी आले आणि घाबरले, कारण तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ही स्थिती दुखणं वाढवणारी होती. रुग्ण म्हणाला, गेल्या काही आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. त्यावरून एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. सांगितलेलं निमूट ऐकणारा रुग्ण मिळाला, म्हणून शोध लागला. तिथे कुणी पशुवैद्य असता तर त्याने आधी टेबल सरळ करून दिलं असतं आणि शास्त्र तिथेच थांबलं असतं. मॅकेंझींचे व्यायाम सगळ्यांच कमरांना मानवतात असं नाही. कुणाला वाकून बरं वाटतं, कुणाला मागे झुकून. ते तपासूनच ठरवावं लागतं, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला व्यायाम दुसऱ्याच्या कमरेला लावू नये. हे डॉक्टरांना पटायला वेळ लागला नाही, कारण शेजारच्या म्हशीची उरलेली बाटली आपल्या म्हशीला पाजणारे लोक त्यांना रोज भेटतात.

तरी रोज व्यायाम करणं सोपं नव्हतं. खरं तर औंध त्यांच्या दवाखान्यापासून फार लांब नाही. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, त्यावर पुस्तकं लिहिली होती. डॉक्टरांचे आजोबा त्याच शाळांतले. नव्वदीपर्यंत चिंचेच्या फांदीला लोंबकळत. नातवाला वारशात जमीन आली, नमस्कार आले नाहीत.

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात दोन अडलेल्या गाई, एक पोट फुगलेली शेळी आणि एक आमसभा आली. तिसऱ्या आठवड्यात पेन्सिलीची खूण होती तिथेच होती. फिजिओथेरपिस्टने फोनवर विचारलं, "सर, करताय ना?" डॉक्टर म्हणाले, "हो, बऱ्यापैकी." हे उत्तर त्यांना ओळखीचं वाटलं. जंताचं औषध वेळेवर पाजलं का, असं विचारलं की शेतकरी हेच म्हणतात.

मग तिने वेगळाच उपाय काढला. व्यायामासाठी वेळ नसेल तर कामच बदला, म्हणाली. तुम्ही उभे कसे राहता ते मला दाखवा. डॉक्टरांनी तिच्या दवाखान्यात खुर्चीला गाय मानून करून दाखवलं. बाहेर बसलेल्या दोन आजीबाई उठून निघून गेल्या. तिने सांगितलं, आधी जवळ उभे राहा, लांबून हात ताणू नका. गाय उंच असेल तर तुम्ही उंच व्हा, पायाखाली फळी किंवा वीट घ्या, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहील. लोकांच्या गोठ्यात गाय उभी करताना मालकाला सांगा, तिचे मागचे पाय उताराला राहू देत. दहा तपासण्या ओळीने करू नका, चार झाल्या की हात झुलवा. आणि दुसरा हात शिकवा.

"दुसरा?"

"उजवा. अर्धं काम त्याला द्या."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उजव्या हाताने गाभण तपासायला शिकणं म्हणजे डाव्या हाताने सही करायला शिकण्यासारखं. डाव्याला तीन महिन्यांचा गाभ बोटांच्या टोकांवर कळायचा. उजवा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखा आत जाऊन इकडेतिकडे बघत बसायचा. एका खिलार गाईने मान मागे वळवून डॉक्टरांकडे पाहिलं. तिच्या नजरेत, बदलीवर नवा माणूस आला का, असा प्रश्न स्पष्ट होता. पण महिन्याभरात उजव्यालाही शिंग कळायला लागलं. आणि दवाखान्यातल्या खोड्यामागे परिचराने दोन विटांवर एक फळी टाकली, तिला नाव पडलं 'साहेबांचा पाट'.

मनाचं काय, हेही तिने विचारलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी विषय बदलला होता. कर्ज काढून घेतलेली, लाखाच्या घरातली गाय हातात मरते तेव्हा त्या घरातली बाई काही बोलत नाही, नुसती दावं सोडून घेते. लम्पीच्या वर्षी असं दावं सोडलेलं त्यांनी किती वेळा पाहिलं, ते त्यांनी मोजलेलं नाही. तिकडे शहरातल्या त्यांच्या वर्गमित्राला आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी चौदा वर्षांच्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि पुढच्याच मिनिटाला बाहेर लस टोचायला आणलेल्या पिल्लाकडे बघून हसावं लागतं. या दोन दारांमधल्या चार पावलांना कुठला व्यायाम, ते त्यालाही ठाऊक नाही. फिजिओथेरपिस्टने एवढंच सुचवलं, श्वास सोडताना घेतल्यापेक्षा जरा लांब सोडा, नाडी शांत होते. आणि मित्राला फोन करा, कामाशिवाय. तेव्हापासून दोघं रविवारी रात्री बोलतात. पहिली दहा मिनिटं खांदा, नंतरची दहा कंबर, मग जे बोलायचं असतं ते.

तो लांब श्वास डॉक्टरांनी प्रथम वापरला तो अडलेल्या गाईपाशीच. वासराच्या पायांना दोर बांधलेला, चार माणसं ओढायला तयार, सगळ्यांना घाई. पण गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं आणि ती थांबली की थांबायचं, हा नियम. पूर्वी त्या थांब्यात डॉक्टर सगळं अंग आवळून धरत. आता सोडतात. कळ येईपर्यंत गाय लांब सुस्कारा टाकते, डॉक्टरही टाकतात. एकदा पाठीमागून कुणीतरी विचारलं, "डाक्टर, तुमास्नी बी कळा येत्यात का?"

बैलगाडा शर्यतींचा हंगाम आला की दवाखान्यापुढे बैलांची रांग लागते. शर्यतीत उतरायचं तर बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो. डॉक्टर चालवून बघतात, पाय बघतात, श्वास बघतात, सही करतात. गेल्या वर्षी सही करताना डावा हात कमरेवर होता. एक गाडामालक आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ह्याचा दाखला दिलासा, तुमचा कोन देतंय?"

आठ महिन्यांनी पेन्सिलीच्या खुणा दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर पोहोचल्या. मागच्या खिशापर्यंत हात जातो. पाकीट मात्र केव्हाच पुढच्या खिशात मुक्कामाला गेलंय आणि परत यायला तयार नाही. गोमुखासनाला अजून वीतभर टॉवेल लागतो.

परवा एका वस्तीवर म्हैस तपासून झाल्यावर मालक चहा आणायला आत गेला. चार तपासण्या झाल्या होत्या, म्हणून डॉक्टर गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगी चढवायला लागले. मालकाची म्हातारी आई धार काढायची चरवी घेऊन आली आणि थबकली.

"काय करतायसा डाक्टर? काय हुडिकताय भितीत?"

"खांद्याचा व्यायाम आहे, आजी. आखडलाय."

म्हातारीने चरवी खाली ठेवली. तिचाही उजवा खांदा दोन वर्षं वर होत नव्हता. चार म्हशींची धार दोन्ही वेळा, आणि त्यासाठी कुणी अहवाल मागत नाही. ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तिची दोन बोटं भिंतीला टेकवली आणि कसं चढायचं ते दाखवलं. चहा घेऊन आलेला मुलगा दारातच उभा राहिला. भिंतीकडे तोंड करून डॉक्टर आणि आई शेजारी शेजारी, मागे म्हैस रवंथ करतेय. बोटं छातीपर्यंत गेली, गळ्यापर्यंत गेली, मग म्हातारी "आई गं" म्हणून थांबली.

"इथंच थांबायचं. जोर लावायचा नाही. उद्या जरा वर."

"दिवसातनं किती टायमाला?"

"तीनदा."

म्हातारीने भिंतीवरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं, मग मागे वळून म्हशीकडे पाहिलं.

"आन् ह्येनं दूध वाडतं का वो?"